स्टिअरिंगमधला 'कट्' आवाज नेमका कुठून येत होता

स्टिअरिंग फिरवताना आवाज येतोय आणि सर्व्हिस सेंटरने अख्खी कॉलम असेंब्ली (स्टिअरिंग व्हीलपासून खाली जाणारा दांडा आणि त्यावरचे भाग) बदलायला सांगितली आहे, अशा वेळी पोटात गोळा येतो. मी त्यातून गेले आहे. त्या काळात कुणीतरी हे सगळं मराठीत क्रमाने सांगितलेलं सापडावं असं फार वाटायचं. म्हणून काय झालं, कुठे थांबावं लागलं, किती पैसे गेले, हे सविस्तर लिहून ठेवते आहे.

माझी गाडी मार्च २०१७ ची, छोटी पेट्रोल हॅचबॅक. आवाज सुरू झाला तेव्हा धावणं ६८ हजार किलोमीटरच्या आसपास होतं. मी पुण्यात राहते आणि आई वाईला असते, त्यामुळे खंबाटकीचा घाट माझ्या नेहमीच्या रस्त्यात येतो. स्टिअरिंगच्या तक्रारीची मला इतकी धास्ती का वाटली, हे त्यावरून कळेल.

दिवाळी आटोपून १० नोव्हेंबर २०२४ ला, रविवारी, वाईहून परत आले. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे फिरवलं आणि अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा छोटा, कोरडा 'कट्' आवाज आला. पुन्हा फिरवलं, पुन्हा आला. हाताला स्टिअरिंगच्या रिमवर बारीकसा धक्काही जाणवला. रस्त्यावरच्या गोंगाटात तो कदाचित आधीपासून येत असेल, पण तळघरात सगळं शांत असल्यामुळे तो स्पष्ट ऐकू आला. आवाज ओळखायचा तर काचा वर, पंखा बंद, रेडिओ बंद आणि भिंतींच्या मधली जागा, हे सगळ्यात सोपं साधन आहे.

पुढचा आठवडाभर मी गाडी फक्त जवळपास चालवली आणि एका वहीत लिहून ठेवायला लागले. आवाज कधी येतो: गाडी उभी असताना किंवा अगदी हळू चालताना, स्टिअरिंगची दिशा बदलली की. कधी येत नाही: सरळ रस्त्यावर, ५०-६० च्या वेगाने. खराब रस्त्यावर: एकामागोमाग बारीक टकटक, कानापेक्षा हाताला जास्त कळणारी. स्पीडब्रेकरवर: वेगळाच, खालून येणारा 'खड्' आवाज. सकाळी गार गाडी असो की दुपारी तापलेली, फरक नाही. डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लागलेला नाही. हे टिपण पुढे प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडलं. मेकॅनिकसमोर गाडी नेली की आवाज गप्प बसतो, असा अनुभव बहुतेकांना येतो. वही असली की आवाज ऐकू आला नाही तरी बोलणं पुढे सरकतं.

आईला फोन करून सांगितलं की या वेळी एसटीने येते. स्वारगेटहून वाईची गाडी मिळते, त्याने गेले. स्टिअरिंगमध्ये काय बिघडलंय हे कळेपर्यंत घाटात गाडी न्यायची नाही, हे मनाशी पक्कं होतं.

१८ नोव्हेंबर, सोमवार. सर्व्हिस सेंटरची वेळ मिळाली. ॲडव्हायझरला सगळं सांगितलं, त्याने जॉब कार्डवर लिहिलं 'फ्रंट सस्पेन्शन नॉइज, चेक'. मी म्हटलं, "स्टिअरिंग फिरवताना आवाज येतो, असं लिहाल का?" तो म्हणाला, "मॅडम, तेच आहे, ते लोक बघतात." मी आग्रह धरला आणि त्याने खाली एक ओळ वाढवली, पण गाडी गेली सस्पेन्शनवाल्याकडेच, म्हणजे रस्त्याचे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंग वगैरे भागांचं काम बघणाऱ्याकडे. जॉब कार्डवरची पहिली ओळ कोण फिटर गाडी बघणार हे ठरवते. त्यामुळे सही करण्याआधी ती वाचा आणि तुमच्या शब्दांत लिहून घ्या: कधी, कुठे, कसा आवाज.

२० तारखेला विधानसभेचं मतदान होतं, सगळं बंद, त्यामुळे गाडी २१ ला मिळाली. दोन्ही लिंक रॉड बदलले होते. लिंक रॉड म्हणजे पुढच्या चाकाजवळचा, सस्पेन्शनला अँटी रोल बारशी (वळणावर गाडी कमी कलावी म्हणून असलेल्या आडव्या दांड्याशी) जोडणारा छोटा दांडा, दोन्ही टोकांना बॉल जॉइंट असलेला. सुटे भाग १,५०० रुपये, त्यावर २८ टक्के जीएसटी, म्हणजे १,९२०. मजुरी ८०० आणि १८ टक्के, म्हणजे ९४४. एकूण २,८६४. मी जुने रॉड मागून घेतले. एकाचा बॉल खरोखरच बोटाने हलत होता. म्हणजे काम खोटं नव्हतं, स्पीडब्रेकरवरचा 'खड्' गेलाही. 'कट्' मात्र होता तसाच.

जुन्या गाडीत एकाच वेळी दोन-तीन आवाज असू शकतात, हे मला इथे कळलं. एक गेला म्हणून सगळे जातात असं नाही, आणि दुसरा राहिला म्हणून पहिलं काम फुकट गेलं असंही नाही.

३० नोव्हेंबरला, शनिवारी, पुन्हा गेले. या वेळी आधीच सांगितलं की ट्रायल माझ्यासमोर घ्या, मी शेजारी बसते. सीनियर टेक्निशियन आला. त्याने सेंटरच्या मागच्या आवारात गाडी उभी करून स्टिअरिंग हळूहळू हलवलं, दोनदा मान डोलावली, मग वाकून डॅशबोर्डखाली हात घातला. "कॉलममधून येतोय," म्हणाला. इतक्या दिवसांनी कुणीतरी आवाज ऐकला, याचंच आधी मोठं समाधान वाटलं.

एस्टिमेट बघून ते समाधान ओसरलं. कॉलम असेंब्ली ३४,५०० अधिक २८ टक्के, म्हणजे ४४,१६०. मजुरी ३,००० अधिक १८ टक्के, म्हणजे ३,५४०. एकूण ४७,७००. निम्मे पैसे आधी भरायचे, माल यायला साधारण तीन आठवडे, एकदा मागवला की रद्द करता येणार नाही. मी विचारलं, आत नेमकं काय खराब आहे? उत्तर मिळालं की आतले सुटे भाग त्यांच्या कॅटलॉगमध्ये नाहीत, त्यामुळे कॉलम उघडायचा प्रश्नच येत नाही. यात कुणी फसवत होतं असं मला वाटत नाही. त्यांच्या व्यवस्थेत यादीतला भाग बदलायचा असतो, आणि यादीत अख्खा कॉलम एवढाच भाग होता. पण पावणेअठ्ठेचाळीस हजार भरण्याआधी कारण कळायला हवं, एवढं मला नक्की वाटलं.

तिथून निघण्याआधी दोन गोष्टी केल्या. एस्टिमेट छापील मागून घेतलं. आणि टेक्निशियनला विचारलं की तोवर गाडी चालवायला धोका आहे का. त्याने खालून जॉइंट, टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक), बोल्ट सगळं हलवून बघितलं आणि म्हणाला, कुठेही प्ले, म्हणजे सैलपणा नाही, गावात जपून चालवा. हे वाक्य मी जॉब कार्डवर लिहून घेतलं.

घरी येऊन कागदपत्रं काढली. कंपनीची वॉरंटी आणि वाढीव वॉरंटी दोन्ही संपलेल्या होत्या. विमा कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला तेव्हा कळलं की नुसती झीज आणि यांत्रिक बिघाड विम्यात धरत नाहीत, अपघाताने नुकसान झालं असेल तरच दावा लागतो. मग रिकॉल बघितला, म्हणजे कंपनीने दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावल्या आहेत का ते. कंपन्यांच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून आपल्या गाडीसाठी एखादी मोहीम चालू आहे का ते तपासता येतं. माझ्या नंबरवर काही नव्हतं. सदोष वाहनं परत बोलावण्याचे केंद्र सरकारचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत, पण ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. माझ्या गाडीने मार्चमध्येच सात पूर्ण केली होती. तुमची गाडी त्या मुदतीत असेल तर हे काम पैसे भरण्याआधी करा, चेसिस नंबर आरसीवर असतो.

मग वाचायला लागले. जितकं कळत गेलं तितकी भीती कमी झाली, म्हणून थोडक्यात इथेही सांगते.

जुन्या पॉवर स्टिअरिंगमध्ये तेल आणि इंजिनच्या बेल्टवर फिरणारा पंप असतो. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये तेल नाहीच, विजेची मोटर असते. जपानमध्ये १९८८ मध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत कॉलमवर बसवलेलं असं स्टिअरिंग आलं आणि पुढे ते सगळीकडे पसरलं. आपण स्टिअरिंग वळवतो तेव्हा कॉलममधला एक बारीक दांडा किंचित पिळला जातो. सेन्सर तो पीळ मोजतो, कंट्रोल युनिट त्यावरून मोटरला वीज देतं आणि मोटर एका वर्म गिअरमार्फत (स्क्रूसारख्या आट्यांचा दांडा आणि त्यावर फिरणारं दातेरी चाक) कॉलमला जोर देते. तिथून खाली दोन युनिव्हर्सल जॉइंट (कोनातही फिरणारे सांधे) असलेला मधला शाफ्ट, मग पिनियन हे छोटं दातेरी चाक, मग रॅक हा डावी-उजवीकडे सरकणारा दातेरी दांडा, मग टाय रॉड, मग चाक. माझ्या गाडीत ही मोटर डॅशबोर्डच्या आत, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वर बसलेली आहे. म्हणजे स्टिअरिंगचा आवाज म्हणताना रिमपासून चाकापर्यंत कितीतरी जागा आहेत, आणि त्यातल्या निम्म्या माझ्या पायांच्या आसपासच आहेत.

मोटरचा दांडा आणि वर्म यांच्यामध्ये काही गाड्यांत एक छोटं, रबरासारख्या लवचीक प्लास्टिकचं कपलिंग असतं. दिशा बदलताना बसणारा झटका ते झेलतं. ते झिजलं किंवा तुटलं की धातूचे दोन दाते एकमेकांवर आपटतात आणि दिशा बदलताना 'कट्' वाजतं. हे वाचलं तेव्हा माझी वहीच कुणी पुढे ठेवल्यासारखं वाटलं. तरीही वाचून निदान होत नाही, ऐकूनच होतं.

ओळखीतून धायरीच्या एका गॅरेजवाल्या काकांचं नाव कळलं. ते इलेक्ट्रिक स्टिअरिंगची कामं करतात. ८ डिसेंबरला, रविवारी, मुलाला बरोबर घेऊन गेले. कारण या तपासणीला दोन माणसं लागतात, एक स्टिअरिंग हलवणारा आणि एक ऐकणारा. काकांनी वही वाचली आणि म्हणाले, "ताई, आता आपण एकेक जण गाळत जाऊ."

इंजिन चालू, गाडी जागेवर. मुलगा स्टिअरिंग बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे करत राहिला. काकांनी आधी बॉनेट उघडून पुढच्या दोन्ही स्ट्रटच्या (चाकावरच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या) स्प्रिंगवर आळीपाळीने हात ठेवला. वरचं माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंग अडकते आणि मग एकदम सुटते, हाताला 'टुंग' असा उसळा लागतो. तसं नव्हतं. मग गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या ठिकाणी धरून हलवलं. टाय रॉड एंड सैल असेल तर इथे कळतं. बारा आणि सहाला धरून हलवलं, इथे बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट बोलतो. दोन्ही घट्ट. रॅकच्या रबरी बुटावरून (झाकणावरून) आतला रॉड धरून वर-खाली झटकला, रॅकचा बुश, म्हणजे त्याला आधार देणारी कडी, गेला असेल तर तो खडखडतो. शांत.

गाडी खाली घेतली. काकांनी ड्रायव्हरच्या पायाजवळ आडवं होऊन मधल्या शाफ्टचा जॉइंट मुठीत धरला. "हलव रे," म्हणाले. 'कट्' आला, पण मुठीत काही जाणवलं नाही. मग त्यांनी यांत्रिक स्टेथोस्कोप काढला. डॉक्टरांच्या नळीसारखाच, पुढे लांब सळई. दोन-चारशे रुपयांना मिळतो. सळई त्यांनी जॉइंटवर ठेवली, मग कॉलमच्या ब्रॅकेटवर, मग मोटरच्या घरावर. मोटरवर ठेवल्यावर नळी माझ्या कानाला लावली. इतके दिवस दबलेला ऐकलेला आवाज तिथे लख्ख, कानाच्या आत वाजत होता. ब्रॅकेटवर तोच आवाज निम्म्याने कमी. जॉइंटवर त्याहून कमी.

शेवटची तपासणी मला सगळ्यात पटणारी वाटली. इंजिन बंद करून काकांनी पॉवर स्टिअरिंगचा फ्यूज काढला आणि पुन्हा चालू केलं. डॅशबोर्डवर दिवा लागला, स्टिअरिंग जड झालं, मुलाला दोन्ही हातांनी ओढावं लागलं. आवाज जवळजवळ गेला. फ्यूज परत बसवला, आवाज परत आला. काका म्हणाले, "जॉइंट वाजत असता तर मोटर असो-नसो, वाजलाच असता. मोटरचा जोर जिथं पोचतो तिथंच आहे हे." ही तपासणी फक्त उभ्या गाडीत करायची. फ्यूज काढून रस्त्यावर जायचं नाही.

तपासणीचे त्यांनी ४०० रुपये घेतले. कपलिंग नसून आतला वर्म गिअरच झिजलेला निघाला तर काय, असंही मी विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं की मग कॉलमच बदलावा लागेल, नवा किंवा खात्रीचा जुना, आणि उघडल्याची मजुरी तरीही द्यावी लागेल. हे आधी कळलेलं बरं होतं. त्या बोलण्यामुळेच मी काम त्यांच्याकडे द्यायचं ठरवलं.

आता कपलिंग. १० डिसेंबरला नाना पेठेत गेले. पुण्यात गाडीचा सुटा भाग म्हटला की नाना पेठ. काकांनी दोन गोष्टी बरोबर न्यायला सांगितल्या होत्या: चेसिस नंबर, आणि मोटरवरच्या लेबलचा फोटो. एकाच मॉडेलमध्ये वर्षानुसार मोटर बदललेली असते, त्यामुळे नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही. पहिल्या काही दुकानांत "असा पार्ट येतच नाही, कॉलम घ्या" हेच उत्तर मिळालं. एकाने १२० रुपयांचं कपलिंग दाखवलं. नखाने दाबून बघितलं तर दगडासारखं कडक. फोटो काकांना पाठवला, त्यांचं उत्तर आलं: नको, हे झटका झेलणार नाही, आवाज लवकरच परत येईल. शेवटी एका दुकानदाराने दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारातून मागवून देतो म्हणून सांगितलं. २०० रुपये ॲडव्हान्स दिला. कुरिअर धरून एकूण ३८० रुपये. दोन-तीन दिवसांत येतो म्हणाले होते, आला १९ तारखेला, गुरुवारी. दरम्यानच्या दिवसांत मन सारखं मागे-पुढे होत होतं. एवढ्याशा तुकड्याने स्टिअरिंगचं काम होईल का, की आपण पैसे वाचवायच्या नादात सुरक्षिततेशी खेळतोय? भावाने एक गोष्ट सांगितली तिचा आधार वाटला. तो म्हणाला, हे कपलिंग हातापासून चाकापर्यंत जाणाऱ्या जोडणीत नाहीच, ते मोटरच्या बाजूच्या फांदीवर आहे. ते पूर्ण तुटलं तरी स्टिअरिंग जड होईल, सुटणार नाही. काकांना विचारलं, त्यांनी हेच सांगितलं.

२१ डिसेंबर, शनिवार, सकाळी दहा. मी तिथेच थांबले. तुम्हीही शक्य असेल तर थांबा, लुडबुड न करता, पण नजरेसमोर.

चाकं नीट सरळ केली. बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि काकांनी चक्क चहा मागवला. एअरबॅगच्या यंत्रणेत वीज साठलेली असते, ती उतरायला वेळ द्यावा लागतो, किती ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. काका दहा मिनिटं थांबतात. मग एअरबॅग काढून टेबलावर ठेवली, कव्हरची बाजू वर. उलटी ठेवायची नसते, चुकून उडाली तर पूर्ण वर फेकली जाते. स्टिअरिंग व्हील काढण्याआधी शाफ्टवर आणि हबवर पांढऱ्या रंगाची एक सरळ खूण केली. व्हीलखाली क्लॉक स्प्रिंग नावाची गुंडाळलेली पट्टी असते, हॉर्न आणि एअरबॅगची वायर त्यातून जाते. ती जागची फिरली तर पुढे तुटते, म्हणून तिला चिकटपट्टी लावून टाकली. खाली मधल्या शाफ्टच्या जॉइंटवरही खूण. मग कनेक्टर, बोल्ट, आणि कॉलम मोटरसकट बाहेर.

टेबलावर जाड कापड पसरून त्यांनी मोटरचे बोल्ट सोडले आणि मोटर अलगद मागे ओढली. कापडावर काळसर चुरा सांडला. कपलिंगला सहा पाकळ्या असायला हव्यात. दोन जागेवर होत्या, त्याही कडेने खाल्लेल्या, बाकीच्यांचे तुकडे झाले होते. आख्खा भाग रुपयाच्या नाण्याहून थोडासाच मोठा. काकांनी वर्मचे दाते पुसून उजेडात फिरवून दाखवले, गुळगुळीत, कुठे खरवड नाही. मी तिथे मोकळा श्वास घेतला.

चुरा सगळा काढला, जागा पुसली, नवं कपलिंग बसवलं. उलट्या क्रमाने सगळं परत. खुणेवर खूण जुळवली. जॉइंटचा आवळणारा बोल्ट काकांनी नवा घातला, टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळायचा पाना) लावून, 'टक्' वाजेपर्यंत. स्टिअरिंगचा हा बोल्ट जुनाच परत वापरायचा नाही आणि अंदाजाने आवळायचा नाही, या बाबतीत ते फार कडक आहेत, आणि मला ते फार आवडलं. तुमच्या कामात टॉर्क पाना दिसला नाही तर जरूर विचारा.

बॅटरी लावली तेव्हा स्टिअरिंगचा दिवा लागून राहिला. क्षणभर धस्स झालं. काकांना ते अपेक्षित होतं. स्कॅनर जोडून त्यांनी स्टिअरिंगची मध्याची जागा गाडीला पुन्हा शिकवली, दिवा गेला. एअरबॅगचा दिवाही इग्निशन लावल्यावर लागून नेहमीसारखा विझला. तो विझल्याशिवाय गॅरेज सोडू नका.

मग मी बसले. इंजिन चालू केलं, स्टिअरिंग डावीकडे, उजवीकडे. काहीच नाही. काकांनी नळी पुन्हा मोटरवर ठेवून माझ्या कानाला लावली, फक्त मोटरची बारीक गुणगुण.

मजुरी २,५००, स्कॅनरचे ५००, नवा बोल्ट-नट ९०, कपलिंग ३८०. आधीचे तपासणीचे ४०० धरून एकूण ३,८७०. बिलावर काय काम केलं ते आणि किलोमीटर लिहून घेतले, जुनं कपलिंग पुडीत बांधून मागून घेतलं. टाय रॉडला हात लावलेला नव्हता, त्यामुळे चाकांच्या अलाइनमेंटची (कोन तपासून जुळवण्याची) गरज नाही असं काका म्हणाले. मी सोमवारी मनाच्या समाधानासाठी करून घेतली, ६०० रुपये, रीडिंग आधीपासून बरोबरच होतं.

डिसेंबरच्या शेवटी अजून एक बारीक आवाज लक्षात आला. स्टिअरिंग पूर्ण वळवताना कुरकुर, रबर घासल्यासारखी. 'कट्' असेपर्यंत तिच्याकडे लक्षच गेलं नसेल. काकांनी पाच मिनिटांत दाखवलं: मधला शाफ्ट जिथे फरशीतून खाली जातो तिथे रबरी बूट असतो, त्याची कडा कोरडी पडून शाफ्टवर घासत होती. सिलिकॉन ग्रीसची ट्यूब आणली, २२० रुपये, बोटाने लावली, गेली. इथे नेहमीचं गाडीचं ग्रीस लावायचं नाही, खनिज तेलाचं ग्रीस रबराला फुगवतं. तुम्हाला नुसती कुरकुर असेल, धक्का जाणवत नसेल, तर मोठ्या खर्चाच्या आधी हे बघा.

जानेवारीत वाईला गाडी नेली. घाटात पहिल्या वळणांवर कान टवकारलेले होते, चढ संपेपर्यंत खांदे सैल झाले. त्यानंतर अख्खा पावसाळा, खड्ड्यांसकट, गेला. आवाज परत आलेला नाही.

माझी बिलं जुन्या दरांची आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा आता कुणी २८ टक्क्यांनी एस्टिमेट दिलं तर तिथेच विचारा.

आणि एक गोष्ट ठामपणे. माझा आवाज निरुपद्रवी निघाला तो तपासल्यानंतर. आवाजाबरोबर स्टिअरिंग मोकळं फिरतंय आणि चाक उशिरा वळतंय, मध्येच अडकतंय, एका बाजूला ओढतंय, एकदम जड-हलकं होतंय, किंवा डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लागलाय, यातलं काहीही असेल तर गाडी चालवत गॅरेजपर्यंतही नेऊ नका, उचलून न्या. विम्याबरोबर रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर टोइंग त्यात बसतं. पॉलिसीच्या कागदावर त्याचा फोन नंबर असतो, तो आजच मोबाइलमध्ये साठवून ठेवा.